जिथे हात लावू देत नाहीत, तिथेच जा

पत्र:

पुढच्या सुट्टीत आम्ही उष्ण कटिबंधातल्या एका देशात फिरायला जाणार आहोत. सोबत नऊ वर्षांची मुलगी आणि माझ्या सासूबाई असतील. मुलीला प्राण्यांचं प्रचंड वेड आहे. आमच्या मुक्कामाजवळ वन्यप्राण्यांची दोन केंद्रं आहेत आणि दोन्ही स्वतःला रेस्क्यू सेंटर म्हणवतात. एका ठिकाणी पिल्लाला कडेवर घेऊन बाटलीने दूध पाजता येतं, फोटोही काढून मिळतो. दुसरीकडे ठरावीक वेळी मचाणावर उभं राहून लांबूनच बघायचं, आणि प्राणी दिसतीलच याची हमी नाही असं चक्क तिकिटावर लिहिलंय. लेकीने अर्थातच पहिलं ठिकाण निवडलं आहे. नणंद म्हणते, दोन्हीकडे जाऊ नका, प्राणी कोंडून पैसे कमावणं सगळीकडे सारखंच. अशा केंद्रात आठवडाभर स्वयंसेवक म्हणून राहता येतं असंही वाचलं. ते करावं का? माझं काही ठरत नाहीये.
– गोंधळलेली आई

उत्तर:

दुसऱ्या ठिकाणी जा. आणि पहिल्या ठिकाणी अजिबात जाऊ नका, अगदी वाटेत लागलं तरी.

प्राणी दिसण्याची हमी नाही असं तिकिटावर छापणाऱ्या माणसांवर माझा चटकन विश्वास बसतो. का बसतो ते जरा सविस्तर सांगते, कारण नुसतं ‘तिकडे नको’ म्हटल्याने तुमच्या लेकीची समजूत निघणार नाही. नऊ वर्षांच्या मुलीला खरं कारण सांगितलेलं कळतं.

पुनर्वसन केंद्रात आलेला प्रत्येक प्राणी कशातून तरी वाचून आलेला असतो. कोस्टा रिकात हाउलर माकडं झाडावरून झाडावर जाताना उघड्या वीजतारा धरतात आणि भाजतात. कित्येकदा आई जागेवरच मरते आणि तिला बिलगलेलं पिल्लू तेवढं वाचतं. आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटावर पाम तेलाच्या मळ्यांसाठी जंगल तुटत गेलं आणि ओरांगउटान या मोठ्या वानरांचा आसरा गेला. त्यांचं पिल्लू विकायला पकडायचं तर आधी आईला मारतात, कारण जिवंत असेपर्यंत ती त्याला सोडत नाही. म्हणजे बाजारात आलेल्या जवळजवळ प्रत्येक पिल्लामागे एक मेलेली आई असते. याशिवाय गाडीखाली सापडलेले प्राणी येतात, फासात पाय अडकलेले येतात. हौसेने पाळलेलं माकड मोठं झाल्यावर चावायला लागलं म्हणून आणून टाकलेली माकडं तर कितीतरी.

या सगळ्यांना बरं करायचं आणि जंगलात परत पाठवायचं, हे केंद्राचं काम. बरं करणं पशुवैद्यांच्या हातात असतं. परत पाठवण्याला मात्र कधी कधी वर्षं लागतात. ओरांगउटानचं पिल्लू सहा ते आठ वर्षं आईजवळ राहतं. कोणतं फळ कुठे आणि कधी पिकतं, साल कशी सोलायची, रात्री झोपायला फांद्या वाकवून घरटं कसं बांधायचं, हे सगळं ते तिच्याकडे बघून शिकतं. आईच नाही म्हटल्यावर ती शिकवणी माणसांच्या गळ्यात पडते. आणि ती अशी द्यावी लागते की पिल्लू शिकेल, पण माणसाला सोकावणार नाही.

सगळी मेख इथे आहे. माणसाळलेला प्राणी जंगलात सोडला की तो पुन्हा माणसांकडेच येतो. खाणं मागत वस्तीत शिरतो, मळ्यात शिरतो, बंदूक घेतलेला माणूस दिसला तरी पळत नाही. त्याने मग कुणाला ओरबाडलं तर शिक्षा त्यालाच होते. म्हणून प्राण्याला माणसापासून लांब ठेवणं हा चांगल्या केंद्रात उपचाराचाच भाग असतो. तुमच्या पहिल्या ठिकाणी ते पिल्लू दिवसभर या कडेवरून त्या कडेवर जाणार. त्याला कधीतरी जंगलात सोडण्याचा विचार तिथे कुणाच्या डोक्यात असेल असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हीच त्यांना विचारून बघा: तुमच्याकडे बारा महिने पिल्लंच कशी असतात? मोठी झालेली कुठे जातात? अनाथ पिल्लं कधी येतील हे कुणाच्या हातात नसतं. एखाद्या वर्षी चार येतात, एखाद्या वर्षी एकही नाही. रोज सकाळी दूध पाजायला पिल्लू हजर असेल तर एक तर ते तिथे जन्माला घातलेलं असतं किंवा जंगलातून पकडून आणलेलं. थायलंडमध्ये कांचनाबुरी प्रांतातल्या एका मठात लोक वर्षानुवर्षं वाघांना थोपटत, बछड्यांना दूध पाजत फोटो काढून घेत होते. तिथे वाघांना आश्रय दिला जातो असंच सांगितलं जायचं. २०१६ साली सरकारी पथकाने १३७ जिवंत वाघ तिथून हलवले. शीतपेटीत ४० मेलेले बछडे सापडले. रांगेत उभे राहून फोटो काढणारी माणसं वाईट नव्हती. त्यातल्या बहुतेकांना प्राणी आवडत होते, म्हणून तर ती तिथे आली होती. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

आता दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी काय होतं ते बघा. मलेशियाच्या सबाह राज्यातलं सेपिलोक हे ओरांगउटानांचं पुनर्वसन केंद्र १९६४ साली सुरू झालं. जवळपास ४३ चौरस किलोमीटरच्या राखीव जंगलाला लागून ते आहे. सकाळी १० आणि दुपारी ३ वाजता झाडांना बांधलेल्या फळ्यांवर कर्मचारी खाणं ठेवतात आणि लोक समोरच्या मचाणावरून बघतात. यातली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे तिथलं खाणं मुद्दाम एकसुरी ठेवतात. रोज तेच ते. कंटाळून प्राण्याने जंगलात स्वतःचं खाणं शोधावं हा त्यामागचा हेतू. आधी रोज येणारा ओरांगउटान मग अधूनमधून येतो, पुढे येईनासा होतो. जंगलात फळांचा बहर असला की फळ्यांकडे कुणीच फिरकत नाही. तिकीट काढून आलेल्यांचा हिरमोड होतो. पण एखाद्याचं येणं थांबावं यासाठीच तर तिथली माणसं वर्षानुवर्षं खपतात. तुमच्या तिकिटावरचं ते वाक्य याच हिशेबातून आलेलं असणार.

सेपिलोकमध्ये अगदी लहान पिल्लांचा विभागही आहे, तो काचेआडून बघायचा. तुमच्या सासूबाईंसारख्यांना तिथे बसून निवांत बघता येतं, आणि पिल्लांच्या झाडावर चढण्याच्या धडपडीत काचेपलीकडच्या माणसांचा व्यत्यय येत नाही. शेजारीच सन बेअर या जगातल्या सर्वांत लहान अस्वलांचं केंद्र आहे. वाँग सिउ ते या मलेशियन संशोधकाने ते २००८ मध्ये उभं केलं, २०१४ पासून लोकांना खुलं झालं. तिथेही उंचावरच्या लाकडी वाटेवरून खालच्या झाडीत अस्वल दिसतं का ते शोधायचं. दिसलं तर दिसलं.

असाच फरक श्रीलंकेत एकाच देशात बघायला मिळतो. पिन्नवला इथलं हत्तींचं अनाथालय १९७५ मध्ये अनाथ पिल्लांसाठीच सुरू झालं. पुढे तिथे प्रजनन होऊ लागलं, कळप वाढला, हत्ती तिथेच राहिले आणि ते एक मोठं पर्यटनस्थळ झालं. उदावलवे इथलं केंद्र १९९५ सालचं. तिथे पिल्लांना दर तीन तासांनी दूध मिळतं. कर्मचारी नळीने दूध पाजतात, लोक कठड्यामागच्या बाकांवरून बघतात, आणि पिल्लू पिऊन झालं की मागे झाडीत निघून जातं. त्याला थोपटायचं नाही, त्याच्यासोबत फोटो नाही. साधारण पाच वर्षांचं झालं की ते शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात सोडतात. तिथून सुटलेल्या हत्तिणींनी पुढे जंगलात स्वतःची पिल्लं वाढवली आहेत. माझ्या मते एखाद्या केंद्राला याहून मोठं प्रमाणपत्र नसतं.

तुमची लेक विचारेल, ‘पण तिथली ताई तर पिल्लाला जवळ घेते, मग मी का नाही?’ प्रश्न बरोबर आहे. आई नसलेल्या तान्ह्या पिल्लाला ऊब लागते, बिलगायला कुणीतरी लागतं, नाहीतर ते खाणं सोडतं. म्हणून ठरलेली एक-दोन माणसं त्याची आई होतात. ती मास्क लावतात, त्याचं वजन, शी-शू, झोप सगळं टिपून ठेवतात, आणि जरा मोठं झाल्यावर हळूहळू त्याला स्वतःपासून तोडून इतर पिल्लांत सोडतात. जीव लावून वाढवलेल्याला असं मुद्दाम दूर करणं त्या माणसांनाही सोपं जात नाही. त्यात रोज नवे हात पडले तर सगळी मेहनत वाया जाते. अतिदक्षता विभागात येणाऱ्या-जाणाऱ्याला रुग्णाला हात लावू देत नाहीत, तसंच हे.

दुसरं म्हणजे रोग. ओरांगउटान, चिंपांझी, गोरिला यांना आपले आजार लागतात. आपल्याला झालेली साधी सर्दी त्यांच्यात न्यूमोनियापर्यंत जाऊ शकते. क्षयही जातो. कोविडच्या सुरुवातीला, २०२० मध्ये, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञांनी महावानरांपासून किमान १० मीटर अंतर आणि मास्क असं सांगितलं. त्याआधी ते अंतर ७ मीटर धरत. तेव्हा तुमच्यापैकी कुणाला त्या दिवशी खोकला, ताप किंवा जुलाब असतील तर त्या व्यक्तीने मुक्कामावरच थांबावं. तिकीट बुडालं तरी चालेल. प्रवासात पोट बिघडतंच असं म्हणून औषधाच्या जोरावर जाऊ नका.

पिल्लू तर हसत होतं, मजेत होतं, असं पहिल्या ठिकाणी जाऊन आलेले लोक सांगतील. प्राण्यांचे चेहरे वाचायला आपण चुकतो. स्लॉथचा चेहराच हसरा असतो. तो घाबरलेला असतानाही तसाच दिसतो. त्याने गळ्याला घट्ट मिठी मारली म्हणजे माया दाखवली असं नाही. आयुष्यभर फांदीला लटकणारा प्राणी तो, हाताला जे येईल ते धरतो. चिंपांझी दात विचकतो तेव्हा बहुतेकदा तो भ्यालेला असतो. इंटरनेटवर लाखो लोकांनी पाहिलेल्या चित्रफितींत स्लो लोरिस नावाचा मोठ्या डोळ्यांचा प्राणी गुदगुल्या केल्यावर हात वर करताना दिसतो. कोपराच्या आतल्या बाजूला त्याच्या ग्रंथी असतात, त्यातला स्राव लाळेत मिसळला की विषारी होतो. हात वर करणं ही त्याची बचावाची तयारी असते. चावू नये म्हणून विकणारे त्याचे दात आधीच कापून टाकतात. दात कापलेला लोरिस मग जंगलात सोडता येत नाही. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००७ पासून बंदी आहे, तरी समुद्रकिनाऱ्यावर फोटोसाठी तो खांद्यावर ठेवणारे भेटतात.

आता तुमच्या नणंदबाईंचं म्हणणं. त्यांचा राग मला पटतो, निष्कर्ष पटत नाही. ‘रेस्क्यू सेंटर’ ही पाटी कुणीही लावू शकतं आणि धंदेवाईक लोक ती लावतातही, हे खरं. पण खऱ्या केंद्राला दूध, औषधं, माणसांचे पगार, सोडलेल्या प्राण्यांवर लक्ष ठेवायचा खर्च असतो, आणि तो बऱ्याच ठिकाणी तिकिटातून निघतो. आपण सगळीकडेच जाणं बंद केलं तर पहिल्या ठिकाणाचं फार बिघडणार नाही, त्यांच्याकडे न विचारता येणारे खूप आहेत. दुसऱ्याचं मात्र बिघडेल. शिवाय बऱ्याच केंद्रांत लोकांना दिसतो तो भाग थोडाच असतो. दवाखाना, नव्याने आलेल्यांना वेगळं ठेवण्याची जागा, सोडण्याआधीचे मोठे पिंजरे हे सगळं बंद असतं. काही उत्तम केंद्रं तर पाहुण्यांना घेतच नाहीत. ‘इकडे प्रवेश नाही’ अशी पाटी दिसली तर लेकीला दाखवा आणि सांगा की खरं काम तिकडे चाललंय.

काही प्राणी कधीच परत जाऊ शकत नाहीत, तेही तुम्हाला दिसतील. पंख तुटलेली घुबडं, अंध झालेली माकडं. कोस्टा रिकात २०१५ मध्ये ग्रेसिया नावाच्या टुकान पक्ष्याची वरची चोच काही मुलांनी मारून तोडली. तिथल्या केंद्राने त्याच्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर नवी चोच बनवून घेतली आणि २०१६ मध्ये बसवली. तो पुन्हा आपलं आपण खाऊ लागला. लोकांमध्ये इतका संताप उसळला की २०१७ मध्ये तिथला प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा कडक झाला. ही गोष्ट तुमच्या लेकीला जरूर सांगा. असा कायमचा राहणारा प्राणी लोकांना दाखवण्यात गैर काही नाही. फक्त त्याला नको असेल तेव्हा आडोशाला जाता आलं पाहिजे. त्याच्या पिंजऱ्यात तशी जागा आहे का, हे आवर्जून बघा.

जायच्या आधी केंद्राला एक ई-मेल टाका. गेल्या वर्षी किती प्राणी आले, किती सोडले, किती दगावले आणि सोडलेल्यांवर लक्ष कसं ठेवता, एवढं विचारा. दगावलेल्यांचा आकडा सरळ सांगणारं केंद्र मला जास्त भरवशाचं वाटतं. इतक्या वाईट अवस्थेत आलेले सगळेच कसे वाचतील? तिथे प्रजनन करतात का, प्राणी विकत घेतात का, हेही विचारा. ग्लोबल फेडरेशन ऑफ अॅनिमल सँक्चुअरीज ही संस्था २००७ पासून अशा केंद्रांची पडताळणी करते. आफ्रिकेतल्या वानर-माकडांच्या केंद्रांची २००० सालापासून वेगळी संघटना आहे. यादीत नाव असेल तर उत्तम, पण लहान, प्रामाणिक केंद्रांना त्या कागदपत्रांइतका वेळ नसतो, तेव्हा नाव नाही म्हणून लगेच फुली मारू नका. स्वार होणं, अंघोळ घालणं, कडेवर घेणं यातलं काही जाहिरातीत असेल तर मात्र पुढे विचारायचीही गरज नाही. हत्तीला अंघोळ घालणं हल्ली ‘प्राण्यांना त्रास न देणारं’ म्हणून खपवलं जातं. २०२५च्या जानेवारीत थायलंडमध्ये अशीच अंघोळ घालताना एका परदेशी तरुणीचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. हत्ती शांत दिसतो तोवर दिसतो.

समुद्रकिनाऱ्यावर असाल तर कासवांच्या पिल्लांचंही असंच. अंड्यातून निघालेलं पिल्लू पोटातल्या उरलेल्या बलकाच्या जोरावर पहिल्या दिवसभरात शक्य तितकं खोल समुद्रात जातं. टाकीत दिवस दिवस ठेवून पर्यटकांच्या हातून सोडलं तर ती शक्ती टाकीतच गोल फिरण्यात संपलेली असते. पिल्लं वर आली की त्याच रात्री किंवा पहाटे सोडणारी केंद्रं निवडा. टॉर्च आणि फ्लॅश नको.

रस्त्यात कुणी साखळीला बांधलेलं माकड किंवा स्लॉथ घेऊन फोटोसाठी मागे लागेल. पैसे देऊ नका. आणि लेकीला कळवळा येऊन ‘आई, आपण ते विकत घेऊन केंद्रात देऊ’ म्हणाली तरी घेऊ नका. आपण दिलेल्या पैशात तो दुसरं पकडून आणतो. देवळांबाहेर पुण्यासाठी सोडायला पिंजऱ्यात विकायला ठेवलेल्या पक्ष्यांचंही तेच. जागा, वेळ लिहून घ्या, लांबून फोटो घ्या आणि तिथल्या वनखात्याला किंवा त्याच केंद्राला कळवा. तुमच्या भेटीतून एवढं झालं तरी खूप आहे.

आता लेकीची तयारी. तिकडे पोहोचल्यावर ‘हात लावायचा नाही’ सांगाल तर रडारड होईल, म्हणून निघायच्या आठवडाभर आधीपासून बोला. तिला दुर्बीण द्या, स्वस्तातली चालेल, आणि घरीच वापरायची सवय करा. मचाणावर पहिल्यांदा डोळ्याला लावली तर प्राणी सापडेपर्यंत तो गेलेला असतो. एक वही द्या. कोण आधी आलं, खाताना कोणता हात वापरला, पिल्लू आईपासून किती लांब गेलं आणि आईने कधी ओढून घेतलं, असं टिपायला सांगा. प्राणिवेड्या मुलांना अशी कामगिरी मिळाली की ती मोठ्यांपेक्षा जास्त वेळ गप्प उभी राहतात. फोटो हवाच असेल तर कोस्टा रिका सरकारची युक्ती वापरा. २०१९ मध्ये त्यांनी वन्यप्राण्यांसोबतच्या सेल्फीविरुद्ध मोहीम काढली आणि पर्यटकांना सुचवलं, की कापडी प्राणी हातात घेऊन फोटो काढा. नऊ वर्षांच्या मुलीला ते नक्की आवडेल.

त्या दिवशी फिके, अंगभर कपडे आणि बंद बूट घाला, ओल्या जंगलात जळवा असतात. डासांचं मलम मुक्कामावरच लावून निघा, मचाणावर फवारू नका. खाऊ, पाण्याच्या बाटल्या, चमकणारे दागिने, लोंबणारा चष्मा हे सगळं आत नको. शेपटीवाली माकडं खांद्यावरची पिशवी क्षणात ओढून नेतात. खाण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा, सासूबाईंना कठड्याजवळ बसायची जागा मिळेल. पावसाचा नेम नसतो, छत्रीऐवजी रेनकोट ठेवा. एखादा प्राणी वाटेवरच आला तर पळायचं नाही, बोलवायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही. मागे सरकून त्याला वाट द्यायची आणि कर्मचारी सांगतील ते करायचं. कुठेही माकड चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. ओरखडा बारीक आहे म्हणून परत आल्यावर बघू असं करू नका, रेबीज एकदा उलटला की उपाय उरत नाही.

शेवटचा मुद्दा स्वयंसेवकाचा. आठवडाभरासाठी, तेही लहान मुलीला घेऊन, जाऊ नका. चांगली केंद्रं किमान काही आठवडे मागतात, लसीकरण आणि क्षयाची तपासणी मागतात, आणि लहान मुलांना सहसा घेत नाहीत. काम असतं ते पिंजरे घासायचं, फळं चिरायचं, फांद्या वाहून आणायचं, प्राण्यांचं मन रमावं म्हणून खाणं लपवलेली पोकळ लाकडं तयार करायचं. ते शिकवण्यातच कर्मचाऱ्यांचे पहिले दिवस जातात. आठवड्याच्या शेवटी तुम्ही कामाला लागाल आणि निघाल. पिल्लांसोबत राहण्याचं आमिष दाखवून आठवड्याची जागा लगेच देणारं केंद्र दिसलं तर ते पहिल्या ठिकाणाचंच भावंड समजा. तुम्हाला मदत करायची आहे तर त्या आठवड्याच्या मुक्कामाला लागले असते तेवढे पैसे देणगी म्हणून द्या, आणि ते औषधांसाठी वापरा असं लिहून द्या. काही केंद्रं पाहुण्यांना तासाभरासाठी फळं चिरायला, खेळणी बनवायला बसवतात. तशी सोय असेल तर लेकीला जरूर बसवा.

आणि पहिल्या ठिकाणाचं बुकिंग झालं असेल तर आजच रद्द करा. रद्द करताना टूर कंपनीला कारण स्पष्ट लिहा: पिल्लाला कडेवर घेऊ देतात, म्हणून येत नाही. गिऱ्हाईक नेमकं कशामुळे गेलं हे त्यांना कळू द्या.